फोटोग्राफी आणि फोटो एडिटिंग : नव्याने शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नव्याने फोटो काढायला लागलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, ‘एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ प्रश्नात चूक काही नाही, पण त्याच्या आधीचे चार-पाच प्रश्न सुटले की त्याचं उत्तर फार सोपं होतं. म्हणून इथे कॅमेऱ्यापासून सुरुवात केली आहे. ज्यांना धीर नाही त्यांनी खुशाल सॉफ्टवेअरच्या प्रश्नांकडे जावं. मात्र रॉ आणि जेपेगचा प्रश्न वाटेत वाचून जावा.

शिकण्यासाठी वेगळा कॅमेरा घ्यावाच लागतो का?

लगेच नाही. चौकटीत काय घ्यायचं, काय वगळायचं, उजेड कुठल्या बाजूने येतोय, नेमकं कधी बटण दाबायचं, हे सगळं मोबाइलवर शिकता येतं आणि शिकण्यातला मोठा वाटा तोच आहे. अडचण पुढे येते. आजचे फोन एका दाबात अनेक फ्रेम टिपतात, त्या एकमेकींवर बसवतात आणि त्यातून एक फोटो तयार करून देतात. फोटो चांगला आला तर त्यात तुमचं किती आणि फोनचं किती, हे कळायला मार्ग नसतो. बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चरही (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) बदलता येत नाही. उजेडाचा हिशेब मुळापासून समजून घ्यावासा वाटला, की अ‍ॅपर्चर आणि शटर (उजेड किती वेळ आत येतो ते ठरवणारा पडदा) हाताने ठरवता येणारा कॅमेरा हवा. तो नवा असायची गरज नाही. दहा वर्षांपूर्वीचा, लेन्स बदलता येणारा, चालू स्थितीतला कुठलाही कॅमेरा शिकायला पुरतो. वाचलेले पैसे लेन्समध्ये घाला : ३५ किंवा ५० मिमीची, एफ/१.८ ची (हे आकडे पुढे समजतील), झूम नसलेली साधी लेन्स. जवळ-लांब करायला स्वतःचे पाय हलवावे लागतात, हा तिचा फायदाच आहे.

किती मेगापिक्सेल पाहून घ्यावेत?

एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके, म्हणजे पिक्सेल. हिशेब करून बघा. १२ × ८ इंचांची उत्तम प्रिंट काढायला इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ३६०० × २४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या जरासं वर. फोर-के पडद्यावर मावतात ३८४० × २१६०, म्हणजे तेवढेच. फुल एचडी पडद्याला तर दोन मेगापिक्सेल पुष्कळ होतात. त्यापुढचे पिक्सेल कामाला येतात ते फोटो कापून लहान करताना आणि भिंतीएवढ्या प्रिंट काढताना. (१९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी बांधलेला पहिला डिजिटल कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. तिथून इथवर आल्यावर २४ की २६ यावर रात्र घालवणं जरा गमतीचंच.)

आकडा बघायचाच तर सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा, आकार बघा. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो, मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ × १३ मिमीचा. क्षेत्रफळ जवळपास चौथाई. कमी उजेडात हा फरक दिसतो, भर उन्हात बहुतेकांना ओळखताही येत नाही.

अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ : तिन्ही एकदम डोक्यात बसत नाहीत. आधी काय शिकू?

आधी ‘स्टॉप’ शिका, बाकीचं त्याच्या मागोमाग येतं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. तिन्ही गोष्टी याच एका मापात मोजल्या जातात, आणि म्हणूनच त्यांची अदलाबदल करता येते.

शटरचं सोपं आहे : १/१२५ सेकंदावरून १/२५० वर गेलात की उजेड निम्मा. आयएसओ, म्हणजे टिपलेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवायचा, तोही तसाच : १०० चा २०० केला की फोटो एक स्टॉप उजळतो. गोंधळ होतो तो अ‍ॅपर्चरच्या आकड्यांनी. एफ/२.८, ४, ५.६, ८, ११ ही मालिका पाहून लोक चक्रावतात. एफचा आकडा हा भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला (तिच्यावर लिहिलेल्या मिमीला) त्या आकड्याने भागलं की भोकाचा व्यास मिळतो. ५० मिमीच्या लेन्सला एफ/२ वर २५ मिमीचं भोक, एफ/४ वर साडेबारा मिमीचं. म्हणून आकडा लहान तितकं भोक मोठं. आणि वर्तुळाचा व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ चौथाई होतं, त्यामुळे एका स्टॉपसाठी आकडा दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतो.

आता हे पाहा : एफ/८, १/१२५, आयएसओ १०० हा फोटो आणि एफ/५.६, १/२५०, आयएसओ १०० हा फोटो सारखेच उजळ येतील. एफ/५.६, १/५००, आयएसओ २०० हाही तितकाच. उजळपणा तोच, फोटो मात्र तीन वेगळे. पहिल्यात पुढचं-मागचं जास्त खोलीपर्यंत स्पष्ट, तिसऱ्यात पळणारं पोर जागच्या जागी थिजलेलं. फोटोग्राफरची निवड म्हणतात ती ही.

सरावासाठी कॅमेऱ्याची चकती ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर ठेवा, अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवा, शटर कॅमेऱ्यावर सोडा. एकाच वस्तूचे एफ/१.८ पासून एफ/१६ पर्यंत फोटो काढा आणि मोठ्या पडद्यावर शेजारी-शेजारी लावा. एका दुपारचं काम आहे, पण दहा व्हिडिओ पाहून कळणार नाही ते यात कळतं.

मॅन्युअल मोडवर काढला तरच तो खरा फोटो, असं म्हणतात. तसं आहे का?

नाही. उजेड पटापट बदलत असेल तर मॅन्युअलमध्ये फोटो निसटण्याचीच शक्यता जास्त. फ्लॅश, पॅनोरामा, रात्रीचं आकाश अशा ठिकाणी मॅन्युअल हवाच. एरवी ‘ए’ मोड आणि शेजारचं अधिक-उण्याचं बटण, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, एवढ्यावर भागतं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं सरासरीने मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. त्यामुळे पांढरी भिंत मळकट येते आणि काळा कोट फिका. भिंतीला +१, कोटाला −१ द्या.

माझे फोटो अंधुक येतात. शार्पनिंगने सुधारतील का?

आधी दुखणं ओळखा. फोटो पडद्यावर १०० टक्के मोठा करून बघा.

सगळंच एका दिशेने ओघळल्यासारखं दिसतंय : हात हलला. मागचं स्पष्ट, माणूस तेवढा पुसट : माणूस हलला. नाकाऐवजी कान स्पष्ट : फोकस चुकला. सगळीकडे धुकट, रंग उडालेले : लेन्स पुसा. हे शेवटचं कारण वाटतं त्याहून फार वेळा सापडतं, फोनवर तर विशेष.

हात हलण्यावर जुना नियम असा की शटर निदान १/फोकल लेंग्थ इतकं जलद ठेवावं. ५० मिमीला १/५०. सेन्सर एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर दीडपट धरून १/८०. स्टॅबिलायझेशन असेल तर याहून सावकाश चालतं, पण ते फक्त तुमचा हात सावरतं. समोरची माणसं हलत असतील तर १/२५० किंवा १/५०० लागणारच, मग त्यासाठी आयएसओ वाढला तरी चालेल. त्यामुळे दाणे आलेला फोटो एडिटिंगमध्ये बराच सावरता येतो, हललेला नाही. शार्पनिंगचा स्लायडर कडा फक्त ठसठशीत करतो. जे टिपलंच गेलं नाही ते तो आणणार कुठून?

रॉमध्ये काढू की जेपेगमध्ये?

सुरुवातीचे काही महिने दोन्हीत. बहुतेक कॅमेऱ्यांत ‘रॉ + जेपेग’ असा पर्याय असतो.

रॉ म्हणजे सेन्सरने मोजलेली कच्ची माहिती. जेपेग हा कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने एडिट करून, दाबून लहान केलेला फोटो. त्यात लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. फोटो होता तसाच वापरायचा असेल तर डोळ्यांना फरक कळणार नाही. पण अंधाऱ्या चेहऱ्यावरचा उजेड दोन स्टॉप वाढवायला गेलात की जेपेगमध्ये चट्टेपट्टे दिसू लागतात, रॉमध्ये चेहरा निघून येतो. व्हाइट बॅलन्सचंही (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) तेच : पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो रॉमध्ये एका स्लायडरने मूळ रंगावर येतो, जेपेगमध्ये ओढाताण होते. शिवाय जेपेग पुन्हा-पुन्हा उघडून सेव्ह केला की दर वेळी थोडी-थोडी हानी होते.

रॉची दुसरी बाजूही सांगायला हवी. फाइल कित्येक पट मोठी असते आणि उघडल्या-उघडल्या फोटो निस्तेज दिसतो. बरेच जण इथेच घाबरून जेपेगकडे परततात. तो निस्तेजपणा म्हणजे बिघाड नव्हे, पुढचं काम तुमच्यावर सोपवलंय एवढंच. आणि रॉ म्हणजे जादू नाही. आकाश पांढरंफटक जळलं असेल तर रॉमध्येही तिथे काही उरलेलं नसतं. म्हणून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख : डावीकडे गडद, उजवीकडे उजळ) लावून ठेवा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला तर अर्धा-एक स्टॉप कमी करा.

एडिट करणं म्हणजे फसवणूक नाही का?

कॅमेऱ्यातून ‘जसाच्या तसा’ निघालेला फोटो मुळात नसतोच. बहुतेक सेन्सरवर रंगांची बारीक जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना तिचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. तिच्यामुळे प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या, निळ्यापैकी एकच रंग मोजतो, निम्मे पिक्सेल तर नुसता हिरवा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून गणिताने भरले जातात. म्हणजे अशा प्रत्येक रंगीत डिजिटल फोटोतला बराचसा भाग अंदाजच आहे. उजेड-रंग सावरणं वेगळं आणि नसलेला पक्षी आणून बसवणं वेगळं. बातमीचा फोटो किंवा स्पर्धा असेल तर त्यांचे नियम आधी वाचा. तुमच्या स्वतःच्या फोटोत काय करायचं ते तुम्ही ठरवा, फक्त विचारलं तर लपवू नका.

एवढी सॉफ्टवेअर आहेत, त्यांच्यात फरक काय?

ढोबळ तीन जाती. पहिली, रॉ फाइल उघडून उजेड-रंग सुधारणारी आणि बहुधा फोटोंचा संग्रहही सांभाळणारी : लाइटरूम, कॅप्चर वन, डीएक्सओ फोटोलॅब, आणि मोफतमध्ये डार्कटेबल, रॉथेरपी. दुसरी, पिक्सेल आणि लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या थरांवर) काम करणारी : १९९० पासूनचं फोटोशॉप, मोफत गिंप, अ‍ॅफिनिटी, ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपी. तिसरी, फोनवरची अ‍ॅप. त्यात गूगलचं स्नॅपसीड मोफत आणि चांगलं आहे.

नवशिक्याची गरज शंभरातल्या नव्वद वेळा पहिल्या जातीची असते. तरीही नाव माहीत असतं फोटोशॉपचं, म्हणून लोक तिथून सुरू करतात आणि लेयर-मास्कच्या जंगलात वाट हरवतात. पोस्टर करायचं असेल, दोन फोटो जोडायचे असतील, चेहऱ्यावर बारीक काम असेल तेव्हा दुसरी जात हवी. सहलीचे तीनशे फोटो निवडून नीट करायला नको.

बरं, मग नेमकं कुठलं घेऊ?

कॅमेरा असेल तर पहिला महिना कंपनीचं स्वतःचं मोफत सॉफ्टवेअर वापरा : कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज. दिसायला ती जुनाट आणि चालायला मंद वाटतात, पण त्या कॅमेऱ्याचे रंग त्यांना बरोबर कळतात आणि स्लायडर मोजकेच असतात. शिकताना मोजके स्लायडर ही सोय आहे.

महिन्याभरात तुम्हाला कशाचा कंटाळा येतो ते कळेल, आणि पुढची निवड त्यावरून करा. फोटो शोधण्यातच वेळ जात असेल, फोन आणि संगणक दोन्हीवर काम हवं असेल आणि दरमहा पैसे भरायची तयारी असेल, तर लाइटरूम. त्याची शिकवणी सगळ्यात जास्त उपलब्ध आहे, आणि अडल्यावर उत्तर सापडणं ही नवशिक्यासाठी मोठी गोष्ट असते. पैसे घालायचे नसतील आणि खोलात शिरायची आवड असेल तर डार्कटेबल. लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीवर चालतं. पहिले पंधरा दिवस ते तुमची परीक्षा बघेल, कारण एकाच कामासाठी त्यात तीन-तीन साधनं आहेत. त्यातलं कुठलं वापरायचं हे एखाद्या चांगल्या शिकवणीतून ठरवा आणि बाकीची खुशाल विसरा. गिंप मोफत आणि ताकदवान आहे, पण रॉ फाइल ते स्वतः उघडत नाही, त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपीची मदत घेतं. लेयरचं काम करायचं असेल तर अ‍ॅफिनिटीही पाहा. २०२४ मध्ये कॅनव्हा या डिझाइन कंपनीने ते बनवणारी सेरिफ कंपनी घेतली आणि २०२५ च्या अखेरीस ते मोफत केलं.

लाइटरूम आणि लाइटरूम क्लासिक एकच का?

नाही. २०१७ मध्ये वाटणी झाली. क्लासिक तुमच्या डिस्कवरच्या फोल्डरवर काम करतं. नुसतं ‘लाइटरूम’ मुख्यतः क्लाउडवर. फोटो भरपूर आणि इंटरनेट हळू असेल तर क्लासिक.

दरमहा भाडं भरायचं की एकदाच घ्यायचं?

हा प्रश्न लोक पैशाच्या बाजूने विचारतात. तो बाहेर पडण्याच्या बाजूने विचारावा. लाइटरूम बनवणाऱ्या अडोबीने २०१३ मध्ये फोटोशॉपसकट मोठी सॉफ्टवेअर भाड्यावर नेली, आणि २०१५ चं लाइटरूम ६ हे एकदाच विकत घेता येणारं शेवटचं लाइटरूम. म्हणजे आज जे धोरण आहे ते उद्या राहीलच असं नाही, हे कुठल्याही कंपनीबाबत धरून चाला.

म्हणून घेण्याआधी विचारा : पैसे भरणं थांबवलं तर काय उरतं? लाइटरूम क्लासिकमध्ये भाडं संपलं तरी फोटो डिस्कवर तसेच असतात, पाहता आणि एक्स्पोर्ट करता येतात. एडिट करायचा डेव्हलप विभाग मात्र बंद होतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेलात तर तारांकन आणि कीवर्ड बहुधा सोबत नेता येतात, स्लायडरच्या जागा नाही, कारण प्रत्येकाचं गणित वेगळं. यावर साधा उपाय म्हणजे जे फोटो पूर्ण झाले, ते पूर्ण आकाराच्या टिफ (दाबून हानी न करणारा फाइलचा प्रकार) किंवा उत्तम दर्जाच्या जेपेगमध्ये काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणं. मग कुठलंही सॉफ्टवेअर सोडताना हात थरथरत नाही.

सॉफ्टवेअरमधले फोटो अचानक गायब झाले, नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. काय करू?

घाबरू नका, फोटो बहुधा सुखरूप आहेत. कॅटलॉग म्हणजे ग्रंथालयातली यादी. पुस्तकं कपाटात असतात, यादीत फक्त त्यांची जागा. तुम्ही फोल्डर बाहेरून हलवलं किंवा त्याचं नाव बदललं की यादी चुकीची ठरते. फोल्डरची नवी जागा दाखवून दिली की सगळं परत जुळतं. यापुढे हलवाहलव सॉफ्टवेअरच्या आतूनच करा, आणि कॅटलॉगचाही बॅकअप ठेवा, कारण केलेलं एडिटिंग त्यातच असतं.

एडिट करताना कुठून सुरुवात करावी?

टाकून देण्यापासून. शंभर फोटोंतले दहा निवडा, मग स्लायडरला हात लावा. सगळे शंभर एडिट करणारा माणूस विसाव्या फोटोला कंटाळतो आणि पुढचे ऐंशी एका झटक्यात बिघडवतो.

मग क्षितिज सरळ करा आणि नको ते कापा. त्यानंतर व्हाइट बॅलन्स, मग एकूण उजेड, मग हायलाइट (उजळ भाग) आणि शॅडो (गडद भाग). रंगाची वेळ यानंतर. सॅच्युरेशन सगळेच रंग सारखे चढवतं, त्यात चेहरे नारिंगी होतात. व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त आणि त्वचेला बेताने हात लावतं. मास्क वापरून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, चेहरा थोडा उजळणं किंवा आकाश थोडं दाबणं सगळ्यात शेवटी. शार्पनिंग तर फोटो कुठे जाणार, किती आकाराचा जाणार हे ठरल्यावरच.

मधल्या छटांचा ठसठशीतपणा वाढवणारा क्लॅरिटी नावाचा स्लायडर जपून. पहिल्या वर्षी प्रत्येकाला तो फार आवडतो.

एक युक्ती : स्लायडर मुद्दाम जास्त ओढा, मग बरा वाटेपर्यंत मागे आणा, आणि त्याहून थोडा आणखी मागे. झालेला फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघितल्याशिवाय कुणाला पाठवू नका.

प्रीसेट विकत घ्यावेत का?

नाही. प्रीसेट म्हणजे स्लायडरच्या आधीच ठरवून ठेवलेल्या जागा. दुसऱ्याच्या उजेडात जमलेलं समीकरण तुमच्या फोटोवर क्वचितच बसतं. मोफत मिळाला तर लावून बघा आणि कुठले स्लायडर हलले ते वाचा; शिकायला तेवढं पुरे.

एआयची साधनं वापरू का?

नॉइज (दाणे) काढणं आणि माणूस किंवा आकाश अचूक निवडणं, या दोन कामांत ती खरोखर चांगली आहेत, वापरा. संगणकाला बरं ग्राफिक्स कार्ड मात्र हवं. शब्द लिहून फोटोत नव्या वस्तू भरण्याची सोय फोटोशॉपमध्ये २०२३ पासून आहे. पण चौकटीत नको ते शिरलं हे फोटो काढतानाच दिसायला लागणं हा शिक्षणाचा भाग आहे, आणि ‘नंतर काढून टाकू’ म्हटलं की तो राहतो.

माझ्या पडद्यावर छान दिसतो, पण प्रिंट काळपट आणि दुसऱ्यांकडे रंग वेगळे. का?

काळपट प्रिंटचं कारण बहुतेक वेळा एकच : तुमचा पडदा फार उजळ ठेवलेला असतो, त्यामुळे तुम्ही फोटो नकळत गडद करता. उजळपणा उतरवा, पडद्याशेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही साधारण सारखे दिसेपर्यंत कमी करा. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय एडिटिंगपुरती बंद ठेवा. नियमित प्रिंट काढत असाल तर पडद्याचे रंग मोजून जुळवायचं (कॅलिब्रेट करायचं) छोटं यंत्र घ्या किंवा कुणाकडून तरी मागून आणा.

रंग बदलण्यामागे बहुधा कलर स्पेस, म्हणजे फोटोतल्या रंगांची ठरलेली व्याप्ती, असतो. इंटरनेटवर किंवा मोबाइलवर जाणारा फोटो एसआरजीबी या कलर स्पेसमध्येच एक्स्पोर्ट करा. अडोबी आरजीबीची व्याप्ती मोठी असली तरी ती न ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्ये फोटो फिका पडतो.

बॅकअप कसा ठेवावा?

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी किंवा क्लाउडवर. संगणकावर प्रत आली आणि उघडून पाहिली, की मगच कार्ड रिकामं करायचं, तेही कॅमेऱ्यातल्या फॉरमॅटच्या पर्यायाने.

आणि कार्ड चुकून पुसलं गेलं तर?

त्या कार्डावर त्यानंतर एकही फोटो काढू नका. साधारणपणे पुसताना फोटोंची यादी जाते, खुद्द फोटो वर काही नवं लिहिलं जाईपर्यंत तिथेच असू शकतात. कार्ड काढून ठेवा, संगणकाला जोडा आणि फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर सेव्ह न करता दुसऱ्या डिस्कवर उतरवा. फाइलींची मूळ नावं जातील, पण काढल्याची तारीख बहुधा फोटोच्या आतच नोंदलेली असते, तिच्यावरून त्या पुन्हा लावता येतात.